दोन इंच मोठी कॉलर

प्रिय दादा,

काल रस्त्यात एक बाई मागून म्हणाली, "अहो, तुमची चप्पल मागे राहिली." मी एका पायाने अनवाणी चालत होते आणि पायाला त्याचा पत्ताच नव्हता. तुझीही चप्पल अशीच आमच्या जिन्यात राहायची. तेव्हा मी म्हणाले होते, "पिऊन माझ्या दारात येत जाऊ नकोस."

"थेंबही घेतलेला नाही गं. शर्टाची कॉलर तेवढी दोन इंच वाढवून दे."

"मानेवर उशी बांधलीस की काय?"

त्यानंतर सहा वर्षं तू आला नाहीस. आता माझ्याही मानेवर तशीच उशी आहे. डॉक्टर म्हणाले, हा चरबीचा दुर्मीळ आजार आहे, नसाही मारतो, हातपाय बधिर करतो आणि आईकडून येऊ शकतो. "घरात आणखी कुणाला?" त्यांनी विचारलं. मी "नाही" म्हणाले. तुझं नाव घ्यायला मला तोंड नव्हतं.

हे पत्रही बहुतेक शिलाई मशीनच्या खणातच राहील. तुझा शर्ट मात्र शिवून ठेवलाय. कॉलर दोन इंच मोठी आहे. पुढे बटणांऐवजी वेल्क्रोची चिकटपट्टी लावलीय. बटणं आता माझ्याही बोटांना सापडत नाहीत.

तुझ्यावर हसलेली,
तुझी धाकटी