टेनिस कोर्टावरची आठ घरं

७ फेब्रुवारी, मंगळवार

टेनिस कोर्टाच्या जाळीवर पिवळा कागद लावलाय. कौन्सिलचा. आठ घरं बांधणार म्हणे तिथं — एकेका बेडरूमची! भाड्याची! पंचावन्नच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या माणसांसाठी. हरकत असल्यास अठ्ठावीस दिवसांत लेखी कळवा. असल्यास! आमच्या दारासमोर, रस्ता ओलांडला की आठ घरं, आणि वर विचारतायत असल्यास.

शेजारच्या नोलीनचे दोन फोन येऊन गेले. "ग्लेनिस, तूच काहीतरी कर बाई. तुझ्यासारखं लिहायला आम्हाला कुठं जमतं?" जमत नाही कसलं, करायचं नसतं. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला मी आहेच.

केल कचऱ्याचे डबे रस्त्याच्या कडेला लावत होता. आमचे, नोलीनचे, नऊ नंबरच्या म्हाताऱ्या ऑसीचे. स्वतःच्या घरात एक खिळा ठोकायला तीनदा सांगावं लागतं नवऱ्याला, लोकांचे डबे मात्र न सांगता. हात धरून नेलं आणि कागद दाखवला. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाला, "जागा चांगली आहे. सकाळचं ऊन येतं तिथं."

ऊन! ह्या माणसाशी बोलायचं म्हणजे भिंतीशी बोललेलं बरं. भिंत निदान उन्हाचं काही बोलत नाही.

८ फेब्रुवारी

झोप नाही. संगणकावर जनगणनेचे आकडे काढले. आमचं कुरांबा पार्क: माणसं तेराशे बारा. निम्म्याहून जास्त घरांत आईबाप आणि मुलं. चार बेडरूमची घरं सर्वांत जास्त. एका बेडरूमचं घर — शून्य.

शून्य म्हणजे शून्य. आणि ते तसंच हवं. आम्ही छप्पन्न हजार डॉलरला हे घर घेतलं शहाऐंशी साली, तेव्हा ह्या गल्लीत तीनच घरं होती, बाकी काटेरी गवत आणि साप. झाडं आम्ही लावली. शाळेला पत्रं लिहून लिहून पाळणे आणि घसरगुंडी मी आणवली. शाळेच्या कँटीनमध्ये अकरा वर्षं फुकट पाव कापले मी! तेव्हा आम्हाला कुणी एक खोली दिली नव्हती, आणि आम्ही मागितलीही नाही.

एकटी माणसं म्हणे. साठीला आलेला माणूस एकटा का असतो? काहीतरी बिनसलेलं असतं म्हणूनच ना? दारू तरी, नाहीतर स्वभाव तरी.

११ फेब्रुवारी, शनिवार

आमच्याकडे बैठक. अकराजण आले. प्रत्येकाने खायला काहीतरी आणलं होतं, नोलीनने नेहमीसारखे दुकानातून आणलेले लॅमिंग्टन केक स्वतःच्या ताटलीत मांडून आणले. खोबरंसुद्धा झाडलं नव्हतं बाईने बॉक्समधलं.

मी आकडे वाचून दाखवले. सगळे मान हलवत होते. फक्त चार नंबरची टालिया नाही. भाड्याने राहते, तीन पोरं, वृद्धाश्रमात कामाला जाते. सह्यांचा कागद तिच्याकडे गेला तसा तिने पुढे सरकवला.

"मी नाही करणार सही, ग्लेनिस. माझी आई आमच्या गॅरेजमध्ये झोपते. एकसष्ट वर्षांची आहे. तिला ह्यातलं एक मिळालं तर मला हवंच आहे."

"अगं, पण ही कुटुंबांची वस्ती आहे," मी म्हटलं.

"मग माझी आई काय आहे?" आणि मग सगळ्यांदेखत: "तुमच्याकडे चार बेडरूम आहेत, माणसं दोन. त्याची हरकत कुणाकडे घ्यायची असते?"

उचलली जीभ लावली टाळ्याला! हिच्या पोरांना मी खोकल्याचं औषध दिलंय रात्री दारावर आली तेव्हा. केल चहाचे कप गोळा करत होता. हिला गप्प कर म्हणून मी त्याच्याकडे बघितलं. त्याने तिच्याच कपात परत चहा ओतला.

१२ फेब्रुवारी

केल आजही मुलाच्या, डीनच्या, खोलीत झोपला. मी घोरते म्हणतो. मी!

१९ फेब्रुवारी, रविवार

पर्थहून डीनचा फोन, नेमाने आठ मिनिटं. कोर्टाचं सांगायला लागले तर म्हणाला, "मम, आठ म्हाताऱ्या माणसांना घाबरतेस?" बापाला दे म्हणाला. बाप फोन घेऊन अंगणात गेला. पंचवीस मिनिटं! दोघे काय बोलतात कोण जाणे. विचारलं तर "क्रिकेट."

आजवर त्रेसष्ट पत्रं जमली. दारोदार मीच फिरले, एकोणचाळीस डिग्रीत.

२० फेब्रुवारी

पाट्या तयार झाल्या. "कुरांबा पार्क कुटुंबांसाठी." निळी अक्षरं. ठोकायचं काम केलला दिलं. त्याने प्रत्येक पाटी पाणसळ लावून सरळ ठोकली — ह्या माणसाचं हे असं, काम दिलं की चोख. पंधरा पाट्या. शेवटची ठोकताना थांबला.

"ग्लेन, एकट्या माणसाचं काय करायचं मग?"

"एकटं कशाला राहायचं माणसाने? लग्न कशासाठी करतात?"

"असेल," म्हणाला. हे त्याचं ठरलेलं. माझी पूर्ण चाळीस वर्षं ह्या 'असेल'ने खाल्ली. भांडायला समोर कुणी उभंच राहात नाही. माझाच आवाज मला ऐकू येत राहतो, आणि मग तोच म्हणतो की तू ओरडतेस.

४ मार्च

दुकानात ऑसी भेटला. चौऱ्याऐंशी वर्षांचा, बायको गेल्याला सहा वर्षं झाली. टोपलीत एक बटाटा, मटणाचा एक चॉप. मी म्हटलं, सही द्यायची राहिलीये तुमची. तर हसला.

"मी कसली सही देतोय, ग्लेनिस? मी तर नाव नोंदवायचं म्हणत होतो. तीन खोल्या मी वर्षानुवर्षं उघडल्या नाहीत. एकीत काय आहे तेही आठवत नाही. सिंकपाशी उभा राहून जेवतो."

"मुलीकडे जा ना सिडनीला."

"ती नको म्हणत नाही," म्हणाला. "या पण म्हणत नाही."

वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, वाटलं. घरी येऊन केलला सांगितलं तर तो कितीतरी वेळ हातातला टॉवेल घडी करत उभा. मग म्हणाला, "मग पत्र मागे घे." एवढं सोपं! शंभरावर लोकांनी माझ्या शब्दावर सह्या केल्यात. एका ऑसीसाठी आठ घरं उभी राहू द्यायची? बाकी सातांत कोण येणार ते ऑसी सांगणार आहे का?

तोंड कडू झालं दिवसभर.

२६ मार्च

एक गोष्ट इथंच लिहिते, बाहेर कुणाला सांगायची नाही. मला हे सगळं आवडतंय. शाळेच्या फाटकापाशी आया हात करतात. "ग्लेनिस, काय बातमी?" गाड्या थांबवून विचारतात. डीन बारावी झाल्यापासून मला ह्या वस्तीत कुणी काही विचारलं नव्हतं. नव्या पोरींना माझं नाव माहीत नव्हतं, मी म्हणजे कोपऱ्यावरच्या गुलाबवाल्या आजी. सगळ्या गल्लीत पोरं, सायकली, ट्रॅम्पोलिन, आणि मधे आम्ही दोघं, चुकून शिल्लक राहिल्यासारखे. कुटुंबांची वस्ती म्हणून मीच ओरडतेय आणि माझं कुटुंब म्हणजे रविवारची आठ मिनिटं.

पुरे. कौन्सिलपुढचं भाषण लिहायचंय.

१४ मे, रविवार

मदर्स डे. डीनने फुलं पाठवली, कार्डावर दुकानदाराचं अक्षर. केल म्हणाला, "ग्लेन, जरा बसतेस का? बोलायचं होतं." मी म्हटलं, भाषणाचं तिसरं पान चाललंय, तीन मिनिटांत बसवायचंय, जेवताना बोलू. जेवताना काही बोलला नाही. मीही विसरले. मटण छान झालं होतं, आमचं हे एक बरं जमतं अजून.

२३ मे, मंगळवार

जिंकले!!

कौन्सिलचं सभागृह भरलं होतं. आधी त्या घरं बांधणाऱ्या संस्थेचा माणूस बोलला, कोट मोठा आणि आवाज बारीक. मग टालियाची आई उभी राहिली. कागद हातात, एक वाक्य वाचलं आणि रडायला लागली. तीन मिनिटं तशीच गेली. मला आत कुठंतरी टोचलं, पण पुढचं नाव माझं होतं.

मी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. आकडे सांगितले, झाडं सांगितली, पाळणे सांगितले. आणि शेवटी म्हटलं — "ज्यांना संसार टिकवता आला नाही, त्यांची सोय करायला आम्ही आमची वस्ती का मोडायची?" टाळ्या! नोलीन तर उभी राहिली. मतदान सहा विरुद्ध तीन. अर्ज नामंजूर.

नंतर सगळे क्लबमध्ये गेलो. कुणीतरी माझ्या नावाने ग्लास उचलला. केल दिसेना म्हणून बाहेर आले तर गाडीत बसलेला, दिवे बंद. घरी येईपर्यंत मीच बोलत होते. दाराशी किल्ली लावताना म्हणाला, "छान बोललीस."

बस. दोन शब्द. कौतुकालाही मोजमाप ह्या माणसाकडे.

२४ मे

टालियाने मला बघून पडदा ओढला. ओढू दे.

११ जून

केल परसातली सुतारकामाची शेड आवरतोय! इतकी वर्षं त्या शेडवरून डोकं फोडलं, आता सुचलं शहाण्याला. रंधा आणि करवती ऑसीच्या नातवाला दिल्या, मोठं यंत्र विकून टाकलं. मी म्हटलं, उशिरा का होईना अक्कल आली. म्हणाला, "असेल."

डबो शहरात दोनदा जाऊन आला ह्या महिन्यात. दातांचा डॉक्टर तिथं स्वस्त पडतो म्हणे. दीड तास जायला, दीड तास यायला, एका दाढेसाठी! पेट्रोलचं कोण बघणार?

२ जुलै

ऐन हिवाळा. गवतावर पांढरं दहिवर. नळ गोठला. पाट्या अजून उभ्या आहेत, काढायला कुणी येत नाही. शाळेपाशी आज गेले होते, उगीच. एकीने हात केला, पण तो मागच्या गाडीला होता.

९ जुलै

ऑसीला मुलीने वृद्धाश्रमात ठेवलं. घर विकायला काढलंय. बघायला चार जोडपी आली, सगळी पोरंबाळंवाली. नोलीन म्हणाली, "बघ, तुझ्यामुळे." चांगल्या अर्थाने म्हणाली.

जाताना ऑसी गाडीतून उतरून केलच्या गळ्यात पडला. दोघे म्हातारे, रस्त्यात, कितीतरी वेळ. माझ्याशी नुसता हात मिळवला. मी काय वाईट केलं त्याचं? चांगली चार बेडरूमची जागा होती, राहायचं होतं तिथंच. मनात म्हटलं, चोर सोडून संन्याशाला फाशी.

मला कुणीच मिठी मारली नाही बऱ्याच वर्षांत, हे आज लक्षात आलं. लिहून ठेवते, नाहीतर उद्या म्हणेन असं काही नव्हतंच.

२२ जुलै, शनिवार

केल बुधवारी चाललाय. डबोला. एका बेडरूमचं घर मिळालंय भाड्याने. एकटाच राहणार.

टोस्टला लोणी लावता लावता सांगितलं. मी विचारलं, कुणी बाई आहे का? म्हणाला, "नाही गं. कुणी नाही. तेवढंच हवंय." मदर्स डेला हेच सांगायचं होतं म्हणाला, पण मी भाषण लिहीत होते. समोरच्या कोर्टाच्या घरांसाठी त्याने नाव नोंदवलं होतं. यादीत पहिलं.

"तिथं मिळालं असतं तर रस्त्यापलीकडेच असतो, ग्लेन. रविवारी जेवायला आलो असतो. तुला रात्री बरं वाटेनासं झालं तर दोन मिनिटांत आलो असतो. लांब जायचं माझ्या मनात नव्हतं."

चहा गार झाला होता, तो ओतून दुसरा केला. दोन कप.