गोळी बंद झाल्यावर

देवळाई, औरंगाबाद
एप्रिल २०१६

प्रिय इंद्रजीत,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, आज मी ठीक आहे. मनूची वेणी घालून दिली, धुणं वाळत घातलं, जेवणं उरकली आणि आता खिडकीपाशी लिहायला बसले आहे. फोनवर हे जमलं नसतं. तू "ताई, जेवलीस का" असं विचारलंस की मला रडू फुटतं आणि बोलायचं ते राहून जातं. आईला हे वाचून दाखवायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

तुमच्याकडं विहिरी तळाला गेल्यात आणि मका करपला, ते कळलं. इथं पाणी नाही, तरी इमारती मात्र उगवतायत. आम्ही घर घेतलं तेव्हा समोर ज्वारीचं रान होतं, तिथं आता सहा मजले उभे आहेत. नळ अजून कुणालाच नाही, सगळं टँकरवर चालतं. लातूरला रेल्वेनं पाणी नेतायत हे बघून तुझे दाजी परवा म्हणाले, आता आपला नंबर कधी. ते सहज बोलले, पण पाण्याचा विषय निघाला की मी तिथून उठून जाते.

गेल्या उन्हाळ्यात काय झालं ते तू बाहेरून पाहिलंस. आतून ते कसं होतं, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आधी माझे सांधे धरले, गालांवर लाल चट्टे उठले, आणि वैदेही मॅडमनी ल्यूपस म्हणून निदान केलं. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आपल्याच अंगावर उलटतात, असं त्यांनी समजावलं होतं. त्या पेशी सांधे धरतात, मूत्रपिंड धरतात आणि कधी कधी मेंदूही धरतात. मेंदूचं मी ऐकून सोडून दिलं. मग एका सकाळी टँकरवाला टाकीत पाइप सोडताना माझ्याकडं बघून हसला. एवढंच झालं. त्या हसण्यावरून मला सगळं कळलं, की पाण्यात विष कालवतायत आणि दाजी त्यांना सामील आहेत. मला तशी शंका आली, असं समजू नकोस. शंका आली तर माणूस कुणाला तरी विचारतं. मला खात्री होती, तू इंद्रजीत आहेस याची तुला जेवढी खात्री आहे तेवढी.

मी गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक उघडला. सगळ्या इमारतीचं पाणी भर उन्हात जिन्यावरून वाहून गेलं आणि लोक बादल्या घेऊन धावले. मनूला मी दिवसभर पाण्याचा थेंब दिला नाही. ती मागत होती, तिचे ओठ पांढरे पडले होते, आणि मला वाटत होतं की मी लेकराला वाचवतेय. शेवटी खालच्या लीलाबाईंनी तिला माझ्या हातातून ओढून नेलं. तेव्हा मी तुला फोन करून ते विषाचं सांगितलं.

तू हातातलं काम टाकून सिल्लोडहून पिकअप घेऊन आलास. दाजी सांगत होते की ती आजारी आहे, तिला दवाखान्यात न्यायचंय. तू त्यांची गचांडी धरलीस आणि म्हणालास, "माझी बहीण खोटं बोलत नाय." इंद्रजीत, आयुष्यात माझ्या बाजूनं असं कुणी उभं राहिलं नव्हतं. तू मला गावी नेलंस. मी म्हणाले गोळ्यांतही विष आहे, तर तू आणि आईनं गोळ्या उकिरड्यावर टाकल्या. मी म्हणेन ते तुम्ही ऐकत होता आणि मी सुजत होते. पाय सुजले, तोंड सुजलं, मग आडवं झालं की श्वास पुरेना. तूच मला पुन्हा पिकअपमध्ये घालून इकडं आणलंस. मूत्रपिंडांनी जवळजवळ दगा दिला होता. यात तुझा दोष नाही. मी इतकी खरी वाटत होते की कुणीही फसलं असतं. पण त्या दिवसापासून तू आणि दाजी एकमेकांशी बोलला नाहीत. भाऊबीजेला तू गेटपाशी थांबलास आणि मला खाली बोलावलंस, मी फाटकाच्या आडून तुला ओवाळलं. मनू विचारत होती, मामा वर का येत नाही.

नंतर मनाच्या डॉक्टरांनी, श्रीधर सरांनी, एकामागून एक औषधं देऊन बघितली. कशानं मी नुसती झोपून राहायचे, कशानं हात कापायचे, पण ती खात्री काही हलत नव्हती. शेवटी त्यांनी क्लोझापीन सुरू केलं. पिवळसर गोळी असते. बजावलं की ही गोळी लाखमोलाची आहे, पण काही माणसांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपवते, म्हणून दर आठवड्याला रक्त तपासायचं. हळूहळू, धुकं विरावं तसं, माझं डोकं निवळलं. एक दिवस दाजींनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि मी तो प्याले, आणि ते स्वयंपाकघरात जाऊन रडले. आणखी एक झालं. सांध्यांची सूजही उतरली, चट्टे फिके पडले. वैदेही मॅडम म्हणाल्या, हे औषध अंगावर उलटलेल्या पेशींनाही शांत करत असेल का, यावर संशोधन चाललंय, नक्की कुणी सांगू शकत नाही. मला वाटलं, देवानं एकाच गोळीत दोन्ही दिलं.

गेल्या महिन्यापासून रिपोर्टमधला पांढऱ्या पेशींचा आकडा खाली यायला लागला. आधी थोडा, मग परवा एकदम. श्रीधर सरांनी कागद दोनदा वाचला आणि वैदेही मॅडमना फोन करून बोलावून घेतलं. पेशी कशानं जातायत, गोळीनं की ल्यूपसनं, हे दोघांनाही सांगता येत नाही. उलटलेल्या पेशी कुठल्या आणि राखणीच्या कुठल्या, हे गोळीला कुठं कळतं. मी विचारलं, चालूच ठेवली तर? सर म्हणाले, "साधा ताप आला तरी आम्ही तुम्हाला वाचवू शकणार नाही." मग मी विचारलं, बंद केली तर? मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला. नंतर म्हणाल्या, जुन्यातलं दुसरं औषध देऊन बघू, ते लागू पडायला वेळ लागेल, तोवर दवाखान्यात राहा. परवापासून गोळी बंद आहे. उद्या सकाळी मी दाखल होते. मनूला शेजारी झोपवत नाही, तिला सर्दी आहे.

मला मरणाची भीती वाटते, ते खोटं कशाला सांगू. पण त्याहून मोठी भीती दुसरीच आहे. आज सकाळी पाणी प्यायला भांडं तोंडाशी नेलं आणि मला वास आला. टँकरच्या पाण्याला औषधाचा वास असतोच, सगळ्यांना येतो. पण हा वास पाण्याचा होता की माझ्या डोक्यातला, हे मला ठरवता येईना. दाजींना विचारावं, तर विचारणं हीच सुरुवात तर नसेल? मी डोळे मिटून ते पाणी प्याले. आज अजून ते प्यावं असं मला वाटलं. उद्या वाटेल की नाही, ते माहीत नाही. माझं डोकं फिरताना मला कळणारही नाही, हेच सगळ्यात वाईट आहे.

म्हणून आज, डोकं जागेवर आहे तोवर, लिहितेय. चार-आठ दिवसांत मी तुला फोन करीन. लपून, कुजबुजत, माझ्याच आवाजात. दाजी मला मारतायत, मला इथून ने, असं म्हणीन, मनूची शपथ घालीन, आणि ते सगळं तुला खरं वाटेल. तेव्हा लगेच निघून ये, पण मला न्यायला येऊ नकोस. आधी दाजींना भेट, ते आणि डॉक्टर सांगतील तसं कर, आणि औषध घेताना मी हात झाडले तर तू माझे हात धर. तूही त्यांना मिळालास असं मी तुझ्या तोंडावर म्हणीन, ते ऐकून घे. माझ्यावर विश्वास ठेवणारा तू एकटाच आहेस, म्हणून मला तुझीच भीती वाटते, बाळा. हे पत्र लिहितेय असं मी दाजींना सांगितलं. मग त्यांनी तुझा नंबर मागितला, भांडणानंतर त्यांनी तो काढून टाकला होता. मी तो दिला. पत्र पोचलं असेल अशा बेतानं ते तुला फोन करतील. तूही त्यांचा काढला असशील, तर अनोळखी नंबर दिसेल. उचल.

तुझीच,
ताई