डब्यातलं जुनं पीठ

अण्णा,

टोपल्यात तीन भाकरी हायत. चिरा पडल्यात, पण खाऊन बघा.

माझ्या या वाढदिवसाच्या आत भाकरी शिकायचीच, असं ठरवलंय मी. पण महिनाभर रोज परातीतच फुटायची. मला वाटलं, माझाच हात वाईट. आज शेजारच्या लीलाकाकूंनी पीठ चिमटीत धरलं आणि विचारलं, "कवाचं दळण हाय रं हे?" ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते म्हणे, मग ते धरून राहत न्हाई. त्यांनी उकळतं पाणी घालून मळायला लावलं, आणि चौथी भाकरी टम्म फुगली! गरम पाण्यानं असं काय होतं, ते त्यांनाही सांगता येईना.

पिठाचा हा डबा आईनं भरलेला, मामाकडं लोणंदला जायच्या आदल्या दिवशी. दोन महिने झाले, अण्णा.

चौथी भाकरी घेऊन मी लोणंदला चाललोय. पोचेपर्यंत बसंल ती, पण पापुद्रा दिसंल. पाण्याचंही आईलाच विचारतो.

तुमी तेवढं गिरणीत दळण टाका. दोघांचं टाकायचं का तिघांचं, ते तुमीच ठरवा.

जयराज