बाहुलीच्या ओठांवरची आमटी

सर, तोंडानं श्वास द्यायला शिकवायची तुमची ती रबरी बाहुली अखेर भंगारात गेली. नव्या बाहुल्या आल्यात, गोऱ्यापान, प्रत्येकीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा पातळ पडदा. एका पोराचं झालं की पडदा फेकायचा, दुसरा लावायचा. रोगराईचं कारण मलाही पटतं. पण गेल्या विसर्जनापासून मला शिसारी येतेय, आणि ती कुणाजवळ बोलावी कळत नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला मला अजून तुम्हीच लागता.

तुमच्याकडे शनिवारी जीवरक्षणाचा तास असायचा. तुमच्या घरून काकू आदल्या दिवशीची आंबलेली आमटी डब्यात द्यायच्या. तिच्यात भाताची शितं कालवून तुम्ही ती बाहुलीच्या तोंडात ओतायचात. आम्ही तिला पाण्यातून ओढून आणायचं, बोटानं तोंड साफ करायचं आणि आपलं तोंड लावून श्वास द्यायचा. मी रुमाल काढला तर तुम्ही तो हिसकावून पाण्यात फेकलात. "बुडालेल्याच्या तोंडाला काय अत्तर लावलेलं असतंय व्हय?" मला ढवळून येतंय, तोंड दाबून मी काठावर उभी आहे, आणि तुम्ही शेजारी येऊन हळूच म्हणता, "ओकायचं तर ओक की. पण ओकून माघारी ये." बाकीचे प्रशिक्षक हसायचे. स्पर्धेत आमटीला गुण नसतात म्हणायचे. तास संपला की काकू मला आपल्या ताटाशेजारी ताट मांडून जेवायला बसवायच्या. सगळीकडे असंच असतं असं मला तेव्हा वाटायचं.

गेल्या विसर्जनाला हर्सूल तलावावर जीवरक्षक म्हणून माझी आणि माझ्या पोरींची ड्यूटी होती. मूर्ती घेऊन खोल गेलेला एक तरुण दिसेनासा झाला. माझी सगळ्यात वेगवान शिष्या, राज्य स्पर्धेत पदक मिळवलेली, सूर मारून गेली आणि त्याला घेऊन आली. काय देखणं ओढणं होतं ते! काठावर त्याला उताणा टाकला आणि ती थिजली. त्याच्या तोंडात गुलाल, चिखल, सकाळचे पोहे. "मॅडम, माझ्याच्यानं नाय होणार," म्हणत ती मागं सरकली. तो श्वास घेत नव्हता. डीजे चालूच होता. पाय धरून गरगर फिरवा, पाणी निघंल, असं कुणी ओरडत होतं आणि उरलेले मोबाइल उंच धरून शूटिंग काढत होते. मी गुडघे टेकले. तोंड साफ केलं, श्वास दिले, बाजूला वळून ओकले, माघारी आले. छाती दाबली, पुन्हा श्वास दिले. शेवटी तो खोकला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

त्याचा काका इतका वेळ आमच्याजवळच उभा होता. त्यानं हात जोडले. "ताई, लई उपकार झाले. देवावानी आल्या तुम्ही." मग विचारलं, "आडनाव काय म्हणायचं तुमचं?" मी सांगितलं. त्यानं मान हलवली, पाण्याची बाटली उघडली आणि पुतण्याच्या तोंडाशी धरली. "चूळ भर आधी. नीट भर."

तुमची आमटी मी पचवली, सर. हे पचत नाही. त्या शिष्येला मी कधीच माफ केलं, तिला किळस आली ती चिखलाची आणि पोह्यांची. या माणसाला कशाची आली? माझा श्वास त्याच्या पुतण्याच्या छातीत चालतो, ओठांना मात्र चालत नाही! आपली किळस कशी मारायची ते तुम्ही शिकवलंत. दुसऱ्याला आपली किळस येते तेव्हा काय करायचं, याचा तास तुम्ही कधी घेतला नाहीत, आणि याचा मला तुमच्यावर राग आहे.

यंदाच्या विसर्जनाला मी येणार नाही असं कळवून टाकलं होतं. काल फोन करून येते म्हणाले. हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून एवढं लिहिते: मी माघारी जातेय, पण वाकण्याआधी या वेळी मी काठावर कोण उभं आहे ते बघेन. तुम्ही असता तर तेवढ्यात ओरडला असता, "तिकडं काय बघती? तोंडाकडं बघ."