संत्र्याच्या बिया

रविवार, संध्याकाळ

फळं चिरता येणं वेगळं आणि माणसाला खाऊ घालता येणं वेगळं, हे बेसाच्या राणीसाहेबांना कोण सांगणार? धाकटी जाऊ माझी, बेसाला वेगळी राहते. मी केलेलं असतानाही आज सासूबाईंसाठी फ्रूट सॅलड घेऊन आली. केळी सकाळीच चिरलेली, म्हणून काळी पडलेली. वरून साखर ओतलेली. आणि संत्र्याच्या फोडी पापुद्र्यासकट, बियांसकट! नागपुरात जन्म काढला आणि संत्रं सोलता येत नाही?

सासूबाईंना दात उरलेत चार. म्हणून मी दुपारभर एकेक फोड सोलली, बी न् बी काढली. आंबट संत्र्याला गोड पपई आणि चिकू, चिमूटभर काळं मीठ, केळं अगदी वाढताना. ते बघून धाकट्या बाई म्हणतात, "ताई, एवढं काहून सोलत बसता? बिया खाणारा थुंकते न!"

खाणारा थुंकते म्हणे! आळशीपणाला काय झकास उत्तर शोधलंय.

सासूबाईंनी माझ्या वाटीतला एक चमचा तोंडात घातला आणि वाटी सरकवली. "आंबट हाय वं, मोठे." मग धाकटीची वाटी चाटूनपुसून संपवली. "याले म्हणते गोड!" धाकटी खुर्चीत बसून हसत होती.

मी तिथून उठून का गेले नाही? तेच डोक्यातून जात नाही. तोंड वाकडं करून, मनातल्या मनात दोघींना नावं ठेवत बसून राहिले. आणि दर बी थुंकताना सासूबाईंच्या तोंडाखाली तळहात कुणी धरला?

मीच.