रिकाम्या खोलीचा शॉट

आईस नमस्कार,

आधी तुला हवं ते सांगते: जेवण वेळेवर होतं, खोकला जवळजवळ गेलाय. बाबांचा गुडघा काय म्हणतो?

आमच्या रहस्यमालिकेच्या दिग्दर्शिकाबाई सध्या जुन्या जपानी सिनेमांच्या नादी लागल्यात. मांडी घालून बसलेल्या माणसाच्या नजरेइतक्या उंचीवर कॅमेरा ठेवतात, आणि माणूस निघून गेला तरी रिकाम्या खोलीवर तो चालूच! मी संकलनात तेवढा भाग सवयीनं उडवला, तर बाई उखडल्या. "अगं, माणूस गेल्यावरच तर खोली बोलायला लागते!"

परत जोडून नीट पाहिला. खोलीत कुणी नाही, पण कधीच निघून गेला म्हणतात त्या पाहुण्याच्या जमिनीवरच्या कपातून अजून वाफ येतेय. म्हणजे पाहुणा घरातच लपलाय! मी पुरावाच कापून टाकला होता की गं.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. मी निघाले तेव्हा माझ्या खोलीत काय काय तसंच राहिलं होतं? तू लगेच आवरली असशील म्हणा. तरी आठवून कळव.

आणि अजून आवरली नसशील, तर तेही कळव.

तुझी,
धाकटी