स्टॉपर बॅकचा नमस्कार

२ नोव्हेंबर

आजपासून रोजनिशी. मोठे खेळाडू लिहितात म्हणे. पुढे मुलाखतीत उपयोगी पडते.

जागा: स्टॉपर बॅक. म्हणजे आमच्या गोलकीपरच्या पुढची शेवटची भिंत. ध्येय: विद्यापीठाच्या टीममध्ये निवड. कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. जूननंतर अण्णांनी मला उसाच्या हवाली करायचं ठरवलंय. त्याआधी एकदा तरी विद्यापीठाचा शर्ट अंगात घालायचाय. हे कुणाला सांगितलेलं नाही.

आज प्रॅक्टिस मॅच. आम्ही तीन गोल खाल्ले. नंतर भाऊसो सरांनी मला एकट्याला बाजूला घेतलं. सर मूळचे माण तालुक्यातले, फौजेतून रिटायर होऊन आमच्याकडे स्पोर्ट्स टीचर झाले. म्हणाले, "विश्वजीत, पाव्हण्याला फाटकापातूर सोडाय जातंय नव्हं माणूस, तसा तू समोरच्याला आपल्या गोलपातूर सोडून येतोस."

माझी खिलाडूवृत्ती सरांच्या डोळ्यांत भरली आहे, असा मी याचा अर्थ काढला. फक्त जोडीला आक्रमकता हवी. पन्नास टक्के ही, पन्नास टक्के ती. सोपं आहे.

३ नोव्हेंबर, सकाळी

आरशासमोर आक्रमक नजरेची प्रॅक्टिस. आईने विचारलं, "ॲसिडिटी झालीय का?" आणि जिऱ्याचं पाणी दिलं. घरातलं वातावरण खेळाडूला पोषक नाही.

४ नोव्हेंबर

दोषाचं मूळ सापडलं. दोष माझा नाही, संस्कारांचा आहे.

आमच्या घरात कुणालाही पाय लागला की तिथल्या तिथे वाकून त्याला हात लावायचा आणि तो हात छातीला लावायचा. पुस्तकाला, पिशवीला, झोपलेल्या माणसालासुद्धा. लहानपणी आईने मला शाळेच्या रिक्षातून उतरवून परत घरात आणलं होतं, कारण संयोगिताताईच्या दप्तराला पाय लागला होता. आता हात आपोआप जातो.

त्यामुळे टॅकलमध्ये पाय लागला की मी वाकतो, समोरच्याच्या पायाला हात लावतो, छातीला लावतो. वर बघतो तर समोरचा गेलेला. परवाच्या तीनपैकी दोन गोल या कारणाने झाले. तिसऱ्याच्या वेळी मी लेस बांधत होतो, तो विषय वेगळा.

आमच्या गोलकीपरचं नाव अतिशय. त्याच्या घरी हळदीचा व्यापार. तो म्हणाला, "आरं, त्यो देव न्हवं, स्ट्रायकर हाय." मी त्याला म्हणालो की याला खिलाडूवृत्ती म्हणतात. तो म्हणाला, "गोल मला बसत्यात, तुला न्हाई."

८ नोव्हेंबर

उपाय. टॅकल करताना दोन्ही हात चड्डीच्या इलॅस्टिकमध्ये खोचून ठेवायचे. कल्पना उत्तम. पहिल्याच टॅकलला तोंडावर पडलो, कारण पडताना टेकायला हात मोकळे नव्हते. नाक सुजलंय. चेहरा मात्र आता खरोखर आक्रमक दिसतो. संयोगिताताईही तेच म्हणाली, पण हसत.

११ नोव्हेंबर

अतिशयचा सल्ला: मॅचमध्ये एकही नमस्कार करू नकोस, संपल्यावर सगळे एकदम कर. मला पटला. आईला नाही पटला. म्हणाली, "नमस्कार लगेच करायचा असतो. साठवायला ते काय लोणचं आहे?"

तरी ठरलं. मैदानात सिंह, मैदानाबाहेर गाय.

१५ नोव्हेंबर

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची पहिली फेरी. जिंकलो. आणि मला पिवळं कार्ड मिळालं! आयुष्यातलं पहिलं. मी एकाला आडवा केला आणि हात पाठीमागे घट्ट धरून उभा राहिलो. हात खाली जायला बघत होता, पण गेला नाही. रेफ्रीला वाटलं मी त्याच्यासमोर ऐटीत उभा आहे, म्हणून कार्ड. चालेल. आक्रमक लोकांबद्दल गैरसमज होतातच.

मॅच संपल्यावर ठरल्याप्रमाणे नमस्कार करायला गेलो. नेमका कुणाला पाय लागला होता ते आठवेना. घामाने सगळे सारखेच दिसत होते. म्हणून सगळ्यांना केला. बेंचवरच्या बदली खेळाडूंनाही. त्यांचे सर आमच्या सरांना म्हणाले की तुमचं पोरगं फार संस्कारी आहे. भाऊसो सरांनी कपाळाला हात लावला. भावना अनावर झाल्या असाव्यात.

२० नोव्हेंबर

सेमीफायनल. जिंकलो. सरांनी मला बेंचवर बसवलं. म्हणाले, "तू बस जरा." अर्थ उघड आहे, मला फायनलसाठी राखून ठेवलंय. माझ्या जागी जयराज खेळला. बरा खेळला. शिस्त कमी वाटली. पाय लागला की नुसता पुढे पळतो.

२४ नोव्हेंबर

परवा साताऱ्यात फायनल. निवड समितीही तिथेच बसणार, आणि विद्यापीठाची यादी संध्याकाळी लागणार.

जयराज घराच्या जिन्यावरून पडला, घोटा सुजलाय. वाईट वाटलं. साधारण दोन मिनिटं.

सरांनी बोलावून सांगितलं, "आता तूच हायस. त्यांचा शिवतेज दर मॅचला गोल मारतोय. त्याला धर. आन् हात खाली गेला तर मला तोंड दाखवू नगंस." मी म्हणालो, आवं सर, तो विषय संपला. आता मी पूर्ण बदललोय.

घरी येताना रिक्षात शेजारच्या बाईंच्या पिशवीला पाय लागला. नमस्कार केला. पण ते मैदान नव्हतं.

२६ नोव्हेंबर, सकाळी ६

सातारच्या गाडीत. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, गाडी हळू. मन शांत. पन्नास-पन्नास.

२६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७

परतीच्या गाडीत. लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

मी फार चांगला खेळलो. हे मी नाही म्हणत, मैदानाबाहेरची सातारची पोरं म्हणत होती, आणि ती आमच्या विरुद्ध ओरडायला आली होती. शिवतेजला मी वळूच दिलं नाही. धडकलो, खांद्याने रेटलं, दोनदा बॉल काढून घेतला. हात पाठीमागे. एकदाही गेला नाही. निवड समितीतले एक गृहस्थ माझ्याकडे बोट दाखवून शेजारच्याशी काहीतरी बोलले. ते मी बघितलं.

शून्य-शून्य. शेवटची मिनिटं. शिवतेज एकटाच आमच्या गोलसमोर घुसला. मी बाजूने आलो आणि घसरत टॅकल मारला. बॉल स्वच्छ काढला. बॉल मैदानाबाहेर, शिवतेज जमिनीवर. सातारकरांनी पेनल्टी मागितली. रेफ्रीने हात हलवून नाही म्हटलं. अतिशय मागून ओरडला, "झ्याक गड्या!" मला इतकं बरं वाटलं, की आयुष्यात तेवढं कधी वाटलं नव्हतं.

आणि बरं वाटलं म्हणूनच हात सुटला.

शिवतेज शेजारीच पडला होता. मी वाकलो, त्याच्या पायाला हात लावला, छातीला लावला.

रेफ्री थांबला. जवळ आला. मला विचारलं, "लागला का पाय?"

आता समोरून सरळ विचारल्यावर माणूस काय म्हणणार? मी म्हणालो, "थोडासा."

पेनल्टी. अतिशय डावीकडे पडला, बॉल उजवीकडे गेला. हरलो.

अतिशयने मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही. रोजनिशी आई वाचू शकते.

बक्षीस समारंभात मला उत्कृष्ट खिलाडूवृत्तीचं स्मृतिचिन्ह मिळालं. सर्वांत जास्त टाळ्या मलाच पडल्या. सगळ्या सातारकरांच्या. मग विद्यापीठाची यादी वाचली. अतिशय आहे. शिवतेज आहे. मी यादी पुन्हा वाचायला लावली. तरी नव्हतो.

गाडीत बसताना शिवतेज शोधत आला. खाली मान घालून म्हणाला, "गड्या, तुझा पाय लागलाच न्हवता. मी आपला पडलो, म्हणलं बघूया रेफ्री देतोय का. त्यानं बी दिली न्हाई. मग तूच..." आणि तसाच माघारी गेला.

पाय लागलाच नव्हता.

कराडपर्यंत कुणी माझ्याशी बोललं नाही. कराड सोडल्यावर अतिशयने खिडकीबाहेर बघत भडंगाचं पाकीट माझ्यापुढे धरलं. मी मूठभर घेतलं. सर पुढच्या सीटवरून मागे न वळता म्हणाले, "हात तोडाय पायजेत तुझं." भडंग संपत आल्यावर म्हणाले, "टॅकल मातुर लय भारी हुता. तसला मी फौजेत बी बघितला न्हाई."

मी तोंड खिडकीकडे केलं. डोळ्यांत धूळ गेली होती. काच बंद होती, तरी गेली होती.

२७ नोव्हेंबर, सकाळी

आईने स्मृतिचिन्ह टीव्हीवर ठेवलंय आणि शेजारच्यांना बोलावून दाखवलंय. अण्णा म्हणाले, सोमवारपासून मळ्यात यायला लाग, कॉलेज नसेल त्या दिवशी. हो म्हणालो. बूट धुतले, कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले. आता फुटबॉल बंद. आणि ती सवयही बंद. तिने माझं सगळं घालवलं. यापुढे कुणालाही पाय लागो, हात जागचा हलणार नाही. ठरलं. पक्कं.

फुटबॉल तेवढा कॉटखाली राहिला होता. कॉटवरून उतरताना त्याला पाय लागला.

नमस्कार केला.